कपाटातली बेवारस बाटली : लॅबमधला कचरा नेमका कोणाचा?

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून आम्ही विभागाची स्टोअररूम आवरायला काढली होती. कॉलेजात साफसफाईचे मुहूर्त दोनच, एक दिवाळीच्या सुट्टीआधीचा आणि दुसरा नॅकचा. सगळ्यात खालच्या फळीवर, मोडक्या ब्युरेटींच्या मागे, एक तपकिरी बाटली निघाली. लेबल कसरीने खाल्लेलं. 'पिक्' एवढीच अक्षरं शिल्लक होती. बुचाभोवती पिवळट खडे साचलेले. आमच्या लॅब असिस्टंटने फडकं घेऊन हात पुढे केला, तेवढ्यात दारातून एक ज्येष्ठ सर ओरडले, "अरे, हात लावू नकोस! आधी बाहेर ये."

ते पिक्रिक ॲसिड होतं. पूर्वी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला नॅप्थलीनसारखे पदार्थ ओळखायला त्यांचं पिक्रेट बनवत, त्यासाठी ते लागायचं. पाण्यात भिजलेलं असेपर्यंत ते निमूट असतं. सुकलं की स्फोटक. पहिल्या महायुद्धात ते तोफगोळ्यांत भरत असत. बुचाच्या आट्यांत त्याचे कोरडे खडे अडकलेले असतील, तर बूच फिरवताना होणारं घर्षणसुद्धा पुरतं. मग मजला रिकामा केला, पोलिसांना फोन केला, बॉम्बशोधक पथक आलं आणि बाटली वाळूत ठेवून घेऊन गेलं. यात दुपार गेली. संध्याकाळी आम्ही जुनं स्टॉक रजिस्टर उघडलं. नोंद अशी होती : 'पिक्रिक ॲसिड, ५०० ग्रॅम, १ नग.' पुढे सही होती. सही करणारे सर कधीच निवृत्त झाले होते.

कुठल्याशा विद्यापीठाच्या लॅबमध्ये स्फोट झाला अशी बातमी आली, की लोकांना वाटतं तिथे काहीतरी अचाट संशोधन चालू असणार. बरेचदा तसं काही नसतं. एखादी बाटली असते, आणि तिच्यात काय आहे हे माहीत असलेला माणूस तिथे नसतो.

लॅबचा कचरा वेगळा का?

'घातक कचरा' हा कायद्यातला शब्द आहे. जो पेट घेतो, जो भाजतो किंवा धातू खातो, जो विषारी असतो, किंवा जो दुसऱ्या कशाशी गाठ पडली की भडकतो, असा कचरा. चारांपैकी एक गुण असला तरी पुरे.

असा कचरा कारखान्यातूनही निघतो, पण तो वडापावच्या गाडीसारखा असतो. रोज तेच बेसन, तेच तेल, आणि दिवसाअखेरीस तोच गाळ. प्रमाण मोठं, प्रकार एक. त्याची सोय एकदा लावली की लागली. लॅबचा कचरा घरातल्या माळ्यासारखा असतो. प्रमाण थोडं, प्रकार शंभर. एका टेबलावर क्लोरोफॉर्म, शेजारी शिशाचे क्षार, पलीकडे कोणीतरी नवीनच बनवलेला पदार्थ, ज्याची विषारीपणाची चाचणी अजून जगात कोणी केलेलीच नाही. आणि दर दोन-चार वर्षांनी माणसं बदलतात. एम.एस्सी.ची मुलं दोन वर्षांत जातात, पीएच.डी.ची पाच-सहा वर्षांत. बाटल्या मात्र राहतात.

म्हणून कारखान्यात ज्या नजरेने कचऱ्याकडे बघतात, ती इथे पुरत नाही. इथे प्रत्येक बाटलीची ओळख जपावी लागते.

एकाच कॅनमध्ये ओतलं तर काय बिघडतं?

बऱ्याच लॅबमध्ये सिंकखाली एक पांढरा प्लॅस्टिकचा कॅन असतो, त्यावर मार्करने 'वेस्ट' लिहिलेलं. दिवसभर ज्याला जे उरेल ते त्यात.

समजा, सकाळी कोणी त्यात इथेनॉल ओतलं. दुपारी दुसऱ्याने काचेची भांडी धुतलेलं नायट्रिक ॲसिड ओतलं आणि झाकण घट्ट लावून तो घरी गेला. ओतताना काहीच दिसत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. दोघांची प्रतिक्रिया सावकाश सुरू होते, उष्णता वाढते, तशी ती वेग घेते आणि वायू तयार व्हायला लागतात. इडलीचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी झाकण ओट्यावर पडलेलं असतं, तसंच हे. फरक एवढाच, की पीठ पुसून काढता येतं. असे कॅन फुटतात ते बहुधा काही तासांनी, लॅबमध्ये कोणी नसताना. किंवा रात्री उशिरापर्यंत एकटा काम करणारा कोणी तिथे असताना.

सायनाइडच्या द्रावणात ॲसिड पडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तर क्लोरीन. ही रसायनं प्रत्येकाने पुस्तकात वाचलेली असतात, परीक्षेत लिहिलेलीही असतात. पण कॅनवर नुसतं 'वेस्ट' लिहिलेलं असेल तर वाचलेलं आठवणार कशावरून?

वेगळं ठेवण्यामागे पैशाचंही कारण आहे. हेक्झेन, इथेनॉल, ॲसिटोन यांसारखी द्रावकं भट्टीत इंधनासारखी जळतात. त्यात डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म असेल, तर जळताना हायड्रोक्लोरिक ॲसिडचे धूर निघतात आणि जाळणं नीट झालं नाही तर डायऑक्सिनसारखी विषं तयार होऊ शकतात. त्यासाठी भट्टीचं तापमान आणि धूर धुण्याची यंत्रणा वेगळी लागते, दरही जास्त पडतो. वीस लिटर स्वस्तात जाळता येईल अशा द्रावकात कोणी कपभर क्लोरोफॉर्म ओतला की दुधात मिठाचा खडा पडला. आता पूर्ण वीस लिटर महागात जाणार.

हाच घोळ कपाटातही असतो. आपल्याकडे बाटल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावायची सवय आहे. शोधायला सोपं पडतं, म्हणून. त्या हिशेबाने सोडियम सायनाइड आणि सल्फ्युरिक ॲसिड हे दोघे 'एस'च्या फळीवर शेजारी येतात. हायड्रॅझिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड 'एच'वर गळ्यात गळे घालून बसतात. ही जोडपी एकत्र सांडली तर काय होईल ते कोणत्याही रसायनशास्त्राच्या शिक्षकाला विचारा, पण त्याच्या स्वतःच्या स्टोअरमध्ये काय आहे तेही बघून घ्या. बाटल्या आधी गुणांवरून वेगळ्या करायच्या, म्हणजे आम्लं एकीकडे, अल्क दुसरीकडे, पेटणारी द्रावकं तिसरीकडे. अक्षरांचा क्रम त्या त्या कप्प्याच्या आत.

भरपूर पाणी सोडून बेसिनमध्ये ओतलं तर?

हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि विचारणारा प्रामाणिक असतो. त्याला मी एक गणित घालतो.

सांडपाण्यात पारा किती चालतो, याची आपल्याकडची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असायचा. एक ग्रॅम धरू. म्हणजे १,००० मिलिग्रॅम. तो 'पातळ करून' मर्यादेत बसवायचा तर १ लाख लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात सोसायटीत येतो ना, तो १० हजार लिटरचा टँकर? तसे दहा टँकर. एका थर्मामीटरसाठी.

आणि एवढं करूनही पारा कुठे जात नाही, तो गाळात बसतो. क्रोमियम, शिसं, कॅडमियम यांचंही तेच. धातू कुजत नाहीत, जिरत नाहीत. सोडियम अझाइड हे तर आणखी बेरकी. जीवशास्त्राच्या लॅबमध्ये द्रावणं टिकावीत म्हणून ते चिमूटभर वापरतात. वर्षानुवर्षं ते नाल्यात गेलं आणि पाइप तांब्याचे किंवा शिशाचे असले, तर पाइपच्या आतच स्फोटक क्षार साचतात. पुढे कधीतरी प्लंबर येतो, पाना लावतो. त्या बिचाऱ्याला वर कसली लॅब आहे हे ठाऊकही नसतं.

मग बेसिनमध्ये काहीच जाऊ नये का? जाऊ शकतं. टायट्रेशनमधून (थेंबाथेंबाने मिसळून द्रावणाचं प्रमाण मोजायच्या प्रयोगातून) उरलेलं सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकमेकांनी शमवून, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५.५ ते ९ च्या दरम्यान आणून सोडता येतं, त्यात दुसरं काही विषारी नसेल तर. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमधला बराचसा पसारा या मार्गाने निघून जातो. धातू, द्रावकं, सायनाइड मात्र नाही.

कायदा काय सांगतो?

भोपाळची वायुगळती १९८४ ची. त्यानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या पोटातून घातक कचऱ्याचे नियम. अलीकडचा मोठा बदल २०१६ च्या नियमांचा. त्यात सगळ्यात आधी समजून घ्यायचा शब्द 'भोगवटादार'. जागेचा कारभार ज्याच्या ताब्यात आहे तो. कारखान्यात मालक किंवा व्यवस्थापक, कॉलेजात संस्थेचा प्रमुख. लॅब असिस्टंट नव्हे, हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण काही घडलं की बोट त्याच्याकडेच वळतं.

या भोगवटादाराने घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. वर्षाला १० टनांच्या आत कचरा असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. डब्यावर लेबल, किती साठला आणि किती गेला याची नोंदवही, वर्षाचं विवरणपत्र. कचरा बाहेर पडताना सोबत 'मॅनिफेस्ट' जातो. मालाच्या ट्रकबरोबर बिल्टी असते तसंच हे, फक्त सात प्रतींचं. पाठवणारा, वाहतूक करणारा, स्वीकारणारा आणि मंडळ, सगळ्यांकडे प्रत राहते, म्हणजे ट्रक वाटेत कुठल्या ओढ्यात रिकामा झाला तर ते कळावं. महाराष्ट्रात असा कचरा घेणारी सामायिक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. काही कचरा तिथे भट्टीत जातो, काही सिमेंटसारख्या पदार्थात थिजवून, खाली अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरला जातो.

वाचायला हे चोख वाटतं. पण ही सगळी चौकट कारखाने डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. टनांच्या हिशेबात बोलणाऱ्या नियमाला वर्षाला दीडशे लिटर कचरा करणारं कॉलेज दिसतच नाही, आणि कॉलेजलाही आपण 'भोगवटादार' आहोत हे माहीत नसतं. परदेशातही फट आहेच. अमेरिकेत लॅबसाठीचा कामगार-सुरक्षेचा वेगळा नियम १९९० मध्ये आला, पण तो पगारी कर्मचाऱ्यांना लागू होतो. फी भरून शिकणारा विद्यार्थी त्यात मोडत नाही.

मायापुरी : भंगारात गेलेलं कपाट

नोंद आणि माणूस यांची ताटातूट झाली की काय होतं, याचं आपल्या देशातलं सगळ्यात भयंकर उदाहरण दिल्लीचं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाहून एक यंत्र घेतलं होतं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. पदार्थांवर गॅमा किरणांचा परिणाम तपासायला ते वापरत. १९८५ पासून ते पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठाने जुन्या सामानाचा लिलाव केला, त्यात तेही गेलं.

मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते फोडलं. भोवतीचं शिसं विकाऊ, म्हणून ते सोलून काढलं. आत कोबाल्ट होता. एप्रिलमध्ये एकामागून एक माणसं आजारी पडली. कातडी काळवंडली, केस गळाले. एक कामगार दगावला. कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे चाळीस वर्षांत तो घटत घटत साधारण दोनशेव्या हिश्श्यावर आला होता, आणि तरीही त्याने हे केलं.

किरणोत्सारी पदार्थांचा कायदा वेगळा, यंत्रणा वेगळी, हे खरं. पण रोग तोच. यंत्र मागवणाऱ्यांना त्यात काय आहे ते माहीत होतं. लिलावाच्या यादीपर्यंत ती माहिती पोचली नाही.

'वीस वर्षं हेच करतोय, काही झालं नाही'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता चिडही येत नाही. हेल्मेट न घालणाराही हेच म्हणतो.

अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात ७ जानेवारी २०१० रोजी एक विद्यार्थी निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट नावाचा स्फोटक क्षार खलात कुटत होता. गटात ठरलं होतं की एका वेळी १०० मिलिग्रॅमच्या वर बनवायचं नाही. त्याने साधारण १० ग्रॅम बनवलं, म्हणजे शंभरपट. स्फोटात त्याची तीन बोटं गेली, डोळ्याला इजा झाली. चौकशी झाली तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. मर्यादा तोंडी होती, ती पाळली जाते का हे बघणारं कोणी नव्हतं. आणि त्याच संशोधनगटांत आधीही अशा लहान घटना घडल्या होत्या, पण त्यांतून कोणी काही उचललं नव्हतं. 'काही झालं नाही' याचा अर्थ बरेचदा 'झालं होतं, लिहून ठेवलं नाही' असा असतो.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातलं प्रकरण आणखी बोचरं. २९ डिसेंबर २००८, नाताळच्या सुट्टीचे दिवस. तेवीस वर्षांची एक संशोधन साहाय्यक मोठ्या सिरिंजने टर्शरी ब्युटिल लिथियम ओढून घेत होती. हे द्रव हवेला लागताक्षणी पेटतं. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगात कृत्रिम धाग्याचं स्वेटर होतं, लॅबकोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. त्याच लॅबची ऑक्टोबरमध्ये सुरक्षा तपासणी झाली होती, आणि इथे लोक लॅबकोट घालत नाहीत असा शेरा त्या अहवालात होता. दोन महिने तो शेरा कागदावरच राहिला. पुढे त्या प्राध्यापकावर फौजदारी खटला उभा राहिला. २०१४ मध्ये अटी घालून तो स्थगित झाला.

इथे तपासणारा आला होता, त्याला दोष दिसला होता, त्याने तो लिहिलाही होता. नव्हतं ते फक्त 'दुरुस्त होईपर्यंत लॅब बंद' असं म्हणणारं कोणी.

मग देखरेख करायची कोणी?

आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं, समिती नेमा. समितीत विभागातलेच प्राध्यापक, अध्यक्ष विभागप्रमुख. म्हणजे ज्याच्या लॅबमध्ये दोष काढायचा त्याच्याच हाताखाली काढणारा. असिस्टंट प्रोफेसर आपल्या गाइडच्या फ्यूम हूडमध्ये बाटल्यांची दाटी झाली आहे असं लेखी देईल? (फ्यूम हूड म्हणजे विषारी वाफा खेचून बाहेर टाकणारं काचेचं कपाट. आपल्याकडे ते बरेचदा गोदाम म्हणून वापरलं जातं.)

टेक्सास टेकच्या चौकशीतून निघालेली एक शिफारस मला सगळ्यात मोलाची वाटते. तपासणाऱ्याने थेट अशा माणसाला अहवाल द्यावा, ज्याच्या हातात सुधारणा घडवून आणण्याचे अधिकार आहेत. बँकेतला ऑडिटर शाखा व्यवस्थापकाला विचारून शेरे लिहीत नाही, तसं. विद्यापीठात हा माणूस कुलगुरू किंवा कुलसचिव असू शकतो, कॉलेजात प्राचार्य.

'याने संशोधनाचं स्वातंत्र्य जाईल' असा आक्षेप येतो. त्यात थोडं तथ्य आहे. रसायन न समजणारा निरीक्षक आला तर तो फक्त पाट्या मोजतो. 'गॉगल घाला'चा बोर्ड आहे? आहे. टिक. म्हणून तपासणाऱ्याला रसायनशास्त्र यायला हवं, आणि त्याने बोर्ड बघण्याऐवजी सिंकखालचा कॅन बाहेर ओढायला हवा. इथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख शोधायला हवी. डायइथिल इथर, टीएचएफ यांसारखी द्रावकं हवा आणि उजेड लागून हळूहळू स्फोटक पेरॉक्साइड धरतात, आणि बाटली कधी उघडली हे कळलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे. लोणच्याच्या बरणीवर आजी तारखेची चिठ्ठी चिकटवायची. एवढंच करायचं असतं.

आणि पैसे?

कचरा नेण्याचा दर कॉलेजांना खरोखर जड जातो, मी नाकारत नाही. त्यात कचरा घेणाऱ्या सामायिक केंद्राची गाडी एका कॅनसाठी कशाला येईल? शहरातल्या चार-पाच कॉलेजांनी मंडळाशी बोलून एकाच दिवशी गाडी बोलवायचा घाट घातला तर जमण्यासारखं आहे.

पण खरी बचत खरेदीत आहे. ५०० ग्रॅमची बाटली २५ ग्रॅमच्या बाटलीपेक्षा हिशेबाने स्वस्त पडते, म्हणून आपण मोठी घेतो. वापरतो वीस ग्रॅम. उरलेल्या ४८० ग्रॅमची विल्हेवाट लावायला जो खर्च येतो, तो खरेदीच्या बिलात कुठेच दिसत नाही. आमची ती पिक्रिक ॲसिडची बाटली जवळपास भरलेलीच होती. बेंझिनऐवजी टोल्युइन, काच धुवायला क्रोमिक ॲसिडऐवजी साबणाचं द्रावण, टायट्रेशनला २५ मिलीऐवजी १० मिली. यातलं काहीच नवीन नाही आणि कशालाही ग्रँट लागत नाही. अडतं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये वर्षानुवर्षं छापलेल्या पद्धतीपाशी.

आमच्याकडे त्या दुपारनंतर एकच गोष्ट बदलली. पीएच.डी. संपवून जाणाऱ्या मुलांना 'नो ड्यूज' फॉर्मवर सह्या गोळा कराव्या लागतात. ग्रंथालय, होस्टेल, जिमखाना, कॅन्टीन. त्यात आणखी एक ओळ घालावी असं आम्ही सुचवलं. स्वतःच्या नावावरच्या बाटल्या कोणाला सोपवल्या, त्याचं नाव आणि सही. ऑफिसने आधी जागा नाही म्हणून सांगितलं, मग जिमखान्याची ओळ थोडी वर सरकवली. पहिल्या वर्षी एका मुलीच्या फॉर्मला सत्तेचाळीस बाटल्यांची यादी जोडलेली आली. त्यातल्या सहांसमोर तिने लिहिलं होतं, 'माझ्या आधीच्या सिनियरच्या. आत काय आहे ठाऊक नाही.'